चौथ्या तुकड्याची नोंद

उडदाचं पीठ पापडखाराच्या पाण्यात घट्ट भिजवून झालं होतं आणि मुक्ताबाई बनसोडे ते लोखंडी बत्त्यानं कुटत होत्या. फेब्रुवारीचं कोवळं ऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर आलं होतं. शेजारी पाटावर त्यांचे मिस्टर, जालिंदर, चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसले होते. चहा संपला तसा त्यांनी कप खाली ठेवला, पुढे वाकले आणि पिठाच्या गोळ्यात अंगठा दाबला.

"अजून शंभरेक ठोके लागतील."

"आवं, समुद्राचा चिखल न्हाई ह्यो, उडदाचं पीठ हाय. काढा बोट."

"पीठ काय आन् चिखल काय. दाबलं की खरं बोलतंय."

"मग घ्या की बत्ता आणि तुमीच बोलवा त्याला खरं."

जालिंदर हसले. बत्ता काही त्यांनी घेतला नाही आणि मुक्ताबाईंनीही पुन्हा म्हटलं नाही. जड वस्तू ह्या माणसाच्या हातात द्यायची नाही, हे त्या घरात कधी कुणी ठरवलं नव्हतं. पण पाळलं जात होतं.

तेवढ्यात दार वाजलं.

बेल बिघडून महिना झाला होता, त्यामुळे आलेला माणूस दारावर थापच मारायचा. दूधवाला जोरात मारतो, शेजारची धुण्याची पावडर मागायला येते ती बोटानं वाजवते. ही थाप दोन्हीतली नव्हती. हाताला पीठ तसंच घेऊन मुक्ताबाईंनी कोपरानं कडी सरकवली.

दारात पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी. पाठीला बॅग, बुटांवर धूळ.

"जालिंदर बनसोडे इथंच राहतात ना? मी अंकिता. काका ज्या समुद्राच्या संस्थेत नोकरीला होते, तिथून आलेय. फोन लागला नाही, पेन्शनच्या कागदावरून पत्ता काढला."

"त्यांना रिटायर हून सात वर्षं झाली, बाई."

"माहीत आहे, काकू. जहाजावरच्या एका नोंदीबद्दल विचारायचंय. दोन हजार नऊची."

मुक्ताबाईंचा पिठाचा हात होता तिथंच राहिला. नऊ सालचं नाव ह्या घरात कुणी काढत नसे.

जालिंदर मूळचे आटपाडीकडचे. पावसानं नेहमी हूल द्यायची असा तो मुलूख. वडील, गुंडा बनसोडे, विहिरी खोदायचे. दुसऱ्यांच्या जमिनीत, दुसऱ्यांसाठी. पहाटे गडी खाली उतरण्याआधी गुंडा एकटा दोराला धरून उतरायचा आणि विहिरीच्या कडेनं फिरत फिरत, हात पोचेल तिथवर मातीत अंगठा दाबत जायचा. मुरूम, पांढरी, मग शाडू, मग पुन्हा मुरूम. एकदा एका ठिकाणी अंगठा जरा जास्त आत गेला. त्यानं वर येऊन सांगितलं, आज कुणी उतरायचं नाही. मालक चिडला, गडी कुरकुरले. दुपारी जेवणाच्या वेळेला ती कड आपसूक आत बसली. वरचा दगड पक्का, खालचाही पक्का, मधला वीतभर थर तेवढा कच्चा होता. जालिंदर तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्या बसलेल्या कडेकडे बघताना बापानं एवढंच सांगितलं, न दाबलेल्या कडंला माणूस घालायचा न्हाई.

पुढं ते पलटणीत गेले, तिथं रस्ते आणि पूल बांधणाऱ्या तुकडीत माती तपासायच्या कामाला लागले. सोळा वर्षांनी सुटून आल्यावर समुद्राच्या संस्थेत तंत्रज्ञ म्हणून घेतले गेले. ज्या गावात घागरभर पाण्यासाठी रांग लागायची, तिथला माणूस वर्षातले दोन महिने चहूकडे पाणी बघू लागला.

काम काय करता, असं लग्नकार्यात कुणी विचारलं की जालिंदर गप्प बसायचे आणि मुक्ताबाई सांगायच्या. त्या उंब्रजच्या, बारावी झालेल्या, त्यांना सांगता यायचं. किनाऱ्यापासून समुद्र बराच लांब उथळ असतो, मग तळाला एकदम मोठा उतार लागतो. त्या उतारावर हजारो वर्षं गाळ बसत आलाय. वरून गुमान बसलेला दिसतो, पण मध्ये एखादा कच्चा थर असला तर वरचं सगळं घसरून जातं. म्हणून जहाजावरून वजन लावलेली लांब नळी सोडायची. ती गाळात घुसते, भरून वर येते. तिचे मीटर मीटरचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यातल्या गाळात चार पात्यांची छोटी रवी खोचायची आणि हळूहळू फिरवायची. गाळ धरून ठेवतो, धरून ठेवतो आणि मग सुटतो. सुटायच्या आधी त्यानं किती जोर धरला, तो आकडा लिहायचा. तीच त्या थराची ताकद.

"म्हंजे ताकच करत्यात म्हणा की," असं एकदा मुक्ताबाईंची नणंद म्हणाली होती.

"व्हय, पण मीठ समुद्राचं," मुक्ताबाईंनी उत्तर दिलं होतं.

जालिंदरांना ही सगळी थट्टा आवडायची. नऊ सालापर्यंत.

त्या सफरीत जहाज फार हलत होतं. नळी वर आली, तुकडे झाले, आणि तिसरा व चौथा तुकडा ट्रेमध्ये ठेवून जालिंदर आत नेत होते. जहाज कलंडलं, ते गुडघ्यावर आले, तिसरा तुकडा ट्रेमधून सुटून लोखंडी तळावर आपटला. नळीला चीर गेली, आतला गाळ बसला. दुसरा कुणी असता तर आधी इकडंतिकडं बघितलं असतं. पण पलटणीची सवय अशी की चूक झाली तर दुसऱ्यानं सांगायच्या आधी आपण सांगायची. जालिंदर सरळ मोठ्या साहेबांपुढं जाऊन उभे राहिले. नळी पडली साहेब, माझ्या हातून.

कुठला तुकडा, हे त्यांनी सांगितलं नाही आणि साहेबांनी विचारलं नाही. संध्याकाळी रजिस्टर पाहताना साहेबांना तिसऱ्या आणि चौथ्या, दोन्ही तुकड्यांचे आकडे कमी दिसले. पडलेल्या नळीचे आकडे कमीच यायचे, असं म्हणून त्यांनी दोन्हींवर रेघ मारायला सांगितलं. जालिंदरांनी मारली. खाली साहेबांनी शेरा लिहिला, की तिसरा व चौथा नमुना तंत्रज्ञाच्या हातून हाताळताना बिघडला. साहेब वाईट माणूस नव्हते. ओरडलेसुद्धा नाहीत. फक्त पुढच्या सफरीच्या यादीत जालिंदरांचं नाव आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. निवृत्त होईपर्यंतची नऊ वर्षं ते किनाऱ्यावरच्या थंडगार कोठारात नळ्यांना चिठ्ठ्या लावत राहिले.

आणि घरी भरलेला पेला दोन हातांनी धरू लागले. मुलीला, दीपमालाला, मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात बाळ हातात द्यायला गेले तर हा माणूस आधी फरशीवर मांडी घालून बसला आणि मग म्हणाला, आता द्या. नर्स हसली. मुक्ताबाईंना हसू आलं नाही.

आता बाहेरच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली खुर्ची असताना जालिंदर उभेच होते, हात मागे बांधून.

"बसा ना काका," अंकिता म्हणाली आणि तिनं मोबाइलवर एक फोटो पुढं केला. रजिस्टरचं पिवळं पडलेलं पान. "हे अक्षर तुमचंच ना?"

जालिंदरांनी चष्मा लावला. "माझंच. रेघबी मीच मारल्याली."

"एकच सरळ रेघ मारलीत, म्हणून खालचे आकडे वाचता आले मला. दुसरा कोणी असता तर गिरगटून टाकले असते."

"रजिस्टरात खोडायचं नसतंय, मॅडम. एक रेघ, सही, तारीख. गिरगटलं की मागनं येणाऱ्याला कळत न्हाई, आपण काय चुकलो ते."

"मला मॅडम नका म्हणू हो. मी तुमच्या मुलीएवढी."

"मुलीपेक्षा धाकटी," मुक्ताबाई दारातून म्हणाल्या. "पण ते मांजरालाबी आवंजावं करत्यात. बोल तू."

अंकिता हसली आणि मग एकदम कामावर आली. गेल्या डिसेंबरात त्याच उतारावर, नऊ साली नळी टाकलेल्या जागेपासून चार किलोमीटर अंतरावर, संस्थेनं नवी नळी टाकली होती. साडेतीन मीटर खाली एक मऊ थर लागला. वरचा गाळ पक्का, खालचाही पक्का. मग जुनी रजिस्टरं चाळताना रेघेखालचा हा आकडा दिसला. चौथा तुकडा, खोली साडेतीन मीटर.

"त्या उतारावरून केबल जायचीय, काका. मऊ थर एका ठिकाणापुरता असेल तर केबल थोडी बाजूला सरकवतील. दोन्हीकडे असेल तर तो अख्खा उतारच सोडावा लागेल. तुमचा आकडा धरायचा की सोडायचा, ते मला सोमवारी सांगायचंय." ती थांबली. "चौथा तुकडा पडला होता का?"

मुक्ताबाई मनातल्या मनात म्हणत होत्या, म्हणा, न्हाई म्हणा. एक शब्द. इतक्या लांबून ही पोरगी तोच शब्द न्यायला आलीय, आणि तो दिला तर सोळा वर्षांचं ओझं उतरतंय.

जालिंदरांनी मोबाइलवरचं पान पुन्हा एकदा वाचलं.

"सांगता येत न्हाई."

"आवं!" मुक्ताबाईंना राहवेना. "तिसरा पडला म्हणून तुमीच सांगितलं न्हवं मला?"

"तिसरा पडला. चौथा ट्रेमधी व्हता. ट्रे आपटला का न्हाई, त्याला हिसका बसला का न्हाई, मला म्हाईत न्हाई. मी गुडघ्यावर व्हतो."

"पण पडला तर न्हाई ना!"

"अगं, न बघितलेलं बघितलं म्हणून सांगू व्हय? माझ्या एका शब्दावर ही लोकं समुद्रात केबल सोडणार. उद्या ह्यो आकडा खोटा निघाला तर?" त्यांचा आवाज खाली आला. "एकदा घाईनं बोललो तेवढं पुरं झालं."

अंकिताचा चेहरा उतरला, पण तिनं वाद घातला नाही. मोबाइल बॅगेत ठेवला. "बरोबर आहे काका. मग ती नोंद सोडून द्यावी लागेल."

"चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई," असं म्हणून मुक्ताबाई आत आल्या. चहाचं आधण ठेवलं. राग नवऱ्याचा होता, पण निघाला डब्यांवर. साखरेचा डबा आदळला, चहापत्तीचा आदळला. आणि मग वरच्या फळीवर, पापडखाराच्या पुडीखाली ठेवलेल्या लांबट वहीवर त्यांची नजर गेली.

ती वही जालिंदरांची होती. रजिस्टर संस्थेचं, पण प्रत्येक सफरीला एक वही ते स्वतःसाठी न्यायचे. त्यातली ही शेवटची, अर्धी कोरी राहिलेली. कोरा कागद वाया कशाला घालवायचा म्हणून मुक्ताबाईंनी ती उलटी धरून मागच्या बाजूनं पापड, सांडगे, कुरडया यांची प्रमाणं लिहायला सुरुवात केली होती. पुढून समुद्र, मागून उन्हाळी वाळवण.

त्या वही घेऊन बाहेर आल्या. "ह्यात काय हाय का बघा."

"त्यात तेच आकडे असणार," जालिंदर म्हणाले. "आन् तुझे पापड."

"घरची वही?" अंकिता खुर्चीच्या कडेला आली.

मुक्ताबाईंनी वहीचा पुठ्ठा उलटला. दीपमालाच्या लग्नात लाडवांच्या डब्यांना तळाला घालायला त्यांनी ह्याच वहीची पानं फाडली होती. किती, ते आठवत नव्हतं. पुढची तीन पानं नव्हतीच, फाटलेल्या कडा तेवढ्या राहिल्या होत्या. त्या एकेक पान उलटत गेल्या. चौथं, पाचवं. सहाव्यावर तेलाचा मोठा डाग पडून कागद आरपार दिसत होता, आणि त्या डागात शिसपेन्सिलीचं अक्षर होतं, बारीक आणि ताठ. नऊ सालची तारीख होती.

अंकितानं वही उजेडाला धरली आणि वाचू लागली. "तिसरा तुकडा. सहा, मग पाच. अंगठा: मोडलेलं दही." तिनं वर बघितलं. "दही?"

जालिंदर ओशाळले. "ते आपलं माझ्यापुरतं. यंत्राच्या आधी अंगठा लावायचो, आन् कशागत लागलं ते लिवायचो. घरच्या वस्तू ध्यानात ऱ्हात्यात."

"चौथा तुकडा. पाच, मग एक. अंगठा: कवडीचं दही." तिनं ती ओळ पुन्हा वाचली, ह्या वेळी मनात. "काका, हे 'मग' काय आहे? रजिस्टरात तर एकच आकडा आहे."

"रवी फिरवून पहिला आकडा घ्यायचा. मग तीच रवी धा येळा गरागरा फिरवायची आन् पुन्यांदा माप घ्यायचं. पलटणीत रस्त्याच्या मातीला आमी करायचो तसं. हात बसल्याला व्हता, म्हणून करायचो. त्या सफरीच्या रजिस्टरात त्याला रकाना न्हवता, मग हितं लिवलं."

अंकितानं वही आणखी जवळ ओढली. आत चहा उकळून वर यायचा आवाज आला, मुक्ताबाई धावत जाऊन गॅस बारीक करून आल्या, तरी ती त्याच पानाकडं बघत होती.

"काय झालं गं?"

"काकू, रात्री विरजण लावलं, सकाळी छान घट्ट दही लागलंय. त्यात रवी फिरवली तर?"

"मोडतंय. पातळ होतंय."

"आणि ते मोडलेलं तसंच ठेवून थोड्या वेळानं पुन्हा फिरवली तर?"

"आता त्यात मोडायचं काय ऱ्हायलंय? हाय तसंच..." बोलता बोलता मुक्ताबाई थांबल्या. त्यांनी हात पुढं केला, अंकिताकडून वही घेतली आणि त्या दोन ओळी बोटानं वाचल्या. तिसरा, सहा आणि मग पाच. पडून मोडला होता, त्यामुळे पुन्हा ढवळला तरी फारसा फरक नाही. चौथा, पाच आणि मग एक.

"म्हंजे चौथं लागलेलं दही व्हतं," त्या म्हणाल्या. "मऊ, पण लागलेलं. मोडलं ते ह्यांनी रवी फिरवली तवा."

"आधीच बिघडलं असतं तर पाचाचा एक झाला नसता," अंकिता म्हणाली. "माझ्या नव्या नळीतल्या थराचं पण असंच आहे. साडेपाच, मग सव्वा. काका, हिसका बसला की नाही ते तुम्ही बघितलं नाहीत, पण इथं लिहून ठेवलंय तुम्ही."

जालिंदर खुर्चीवर बसले. अंकिता आल्यापासून पहिल्यांदाच. त्यांनी वही मांडीवर घेतली आणि अंगठा त्या आकड्यावर ठेवला, मगाशी पिठात ठेवला होता तसा. मुक्ताबाईंना वाटलं हा माणूस आता रडेल, पण तो रडला नाही. तो मनातल्या मनात काहीतरी भागत होता, सहाला पाचानं, पाचाला एकानं, आणि पुन्हा पहिल्यापासून.

"बरोबर हाय," शेवटी ते म्हणाले. "हिशेब बरोबर हाय."

"सोळा वर्षं माझ्या पापडाखाली दाबून ठिवलं व्हतंत," मुक्ताबाई म्हणाल्या. त्यांना टोमणा मारायचा होता, पण तो टोमण्यासारखा लागला नाही. "आन् मी ते लाडवाच्या डब्यात घालायला निघाले व्हते."

"तू घातलं न्हाईस."

"दोन लाडू कमी झाले म्हणून. न्हाईतर घातलं असतं."

अंकितानं पानाचे फोटो काढले, आधी दुरून, मग जवळून, तेलाच्या डागासकट. एवढ्यानं सगळं ठरत नाही, वरच्या लोकांना अजून दोन-तीन ठिकाणी नळ्या टाकून बघावं लागेल, असं तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. पण सोमवारी ती हा आकडा धरायलाच सांगणार होती.

चहा आला. जालिंदरांनी बशी बाजूला ठेवली आणि कप दोन्ही हातांनी उचलला. सवय एका सकाळीत जात नाही.

"काका, अहवालात तुमचं नाव घालते मी," अंकिता म्हणाली. "मोजणी कुणी केली ते यायलाच हवं. आणि वही कोठारात ठेवायला दिलीत तर नीट जपू आम्ही."

"वही हिची हाय. पापडाचं प्रमाण हाय त्यात, ती देणार न्हाई."

"मी प्रमाण उतरून घेते की," मुक्ताबाई लगेच म्हणाल्या. "न्या तुमी."

"नाव घाला न्हाईतर ऱ्हाऊ द्या," जालिंदर म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. "मला दुसरं एक मागायचंय."

"मागा ना काका."

"त्या रजिस्टरात साहेबांचा शेरा हाय. तो खोडू नका, आन् तिसऱ्याचं तर हाय तसंच ऱ्हाऊ द्या, तो माझ्याच हातनं पडलाय. फकस्त चौथ्याखाली एक ओळ लिवा आन् आजची तारीख घाला. ह्यो बिघडला न्हवता, एवढंच लिवा."